आईचे १४ शेक राहिलेत, तोंड आलंय. दहा दिवस थांबलं तर चालेल का?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. थोडक्यात पुन्हा मांडते, म्हणजे अशाच अडचणीत असलेल्या इतरांनाही संदर्भ लागेल. आई ५४ वर्षांच्या, मशेरीची जुनी सवय. गालाच्या आतल्या बाजूचा कॅन्सर. ऑपरेशन झालं, जखम भरली, मग ३० शेक (म्हणजे मशीनने दिले जाणारे किरणोपचार, रेडिएशन) ठरले आणि जोडीला दर सोमवारी सिस्प्लॅटिनची केमो. आतापर्यंत १६ शेक आणि ३ केमो झाल्या. तोंड पूर्ण आलंय, घास तर सोडाच, पाणीसुद्धा झोंबतं. वजन ५१ किलोवरून ४६ वर आलंय. डॉक्टर नाकातून नळी घालायला सांगतात, आई म्हणतात "नळी नको, मला घरी न्या", आणि मामांचं म्हणणं असं की दहा दिवस घरी आराम करू द्या, तोंड बरं झालं की उरलेले शेक घेऊ.

मी किरणोपचार विभागात परिचारिका आहे, २२ वर्षं झाली. तोंडाच्या आणि घशाच्या पेशंटचं ड्रेसिंग, नळ्या, वजनं, रडणं, रुसणं हेच माझं रोजचं काम. मी तुमच्या आईंना पाहिलेलं नाही. त्यांना साखर आहे का, किडनीचे रिपोर्ट कसे आहेत, ऑपरेशनमध्ये जबड्याचं हाड किती काढलं, यावर बरंच काही ठरतं आणि ते त्यांच्या डॉक्टरांनाच माहीत. पण तुमच्या प्रश्नातला मुख्य भाग मी इतक्या वेळा पाहिलाय की त्याबद्दल ठामपणे बोलू शकते.

तोंड बरं व्हावं म्हणून आपल्या मनाने दहा दिवस थांबू नका.

कारण सांगते. शेकाने कॅन्सरच्या पेशी एका दिवसात मरत नाहीत, रोज थोड्या थोड्या मरतात. तिसऱ्या-चौथ्या आठवड्याच्या सुमारास उरलेल्या पेशी पूर्वीपेक्षा जास्त वेगाने वाढायला बघतात. तुम्ही शेतकरी आहात असं लिहिलंय. निम्मं रान खुरपून दहा दिवस सोडून दिलं आणि मधे पाऊस झाला, तर खुरपलेल्या भागाचं काय होतं ते तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. डोक्याच्या आणि मानेच्या कॅन्सरमध्ये उपचार एक दिवस लांबला तर त्या जागी आजार आटोक्यात राहण्याची शक्यता साधारण एका टक्क्याने घटते, असा अंदाज मोठ्या अभ्यासांतून निघालाय. एखादा दिवस मशीन बंद पडलं तर घाबरायचं कारण नाही. दहा दिवस मात्र फार झाले. ऑपरेशन झालेल्यांच्या बाबतीत ऑपरेशनच्या दिवसापासून शेवटच्या शेकापर्यंतचा सगळा काळ ११ आठवड्यांच्या आत बसावा असा डॉक्टरांचा प्रयत्न असतो. तुमचे त्यातले किती आठवडे गेले ते मोजा, म्हणजे डॉक्टर एवढी घाई का करतात ते लक्षात येईल.

मामांच्या बोलण्यातली दुसरी अडचण अशी की दहा दिवसांत तोंड बरं होणारच नाही. शेकाचं तोंड साधारण दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी यायला लागतं, शेवटच्या शेकापर्यंत वाढत जातं आणि शेक संपल्यावरही आठवडा-दोन आठवडे तसंच राहतं किंवा आणखी वाढतं. त्यानंतर उतरायला लागतं. म्हणजे हिशेब असा: उरलेले १४ शेक म्हणजे जवळपास तीन आठवडे, आणि पुढचे दोन आठवडे. एकूण पाच आठवडे आईंना नीट खाता येणार नाही. हे ऐकायला कठीण आहे, पण घरच्यांना हे कुणी आकड्यात सांगत नाही आणि मग रोज सकाळी उठून "आज तरी बरं वाटेल" अशी वाट बघत माणसं खचतात. तुमचा खरा प्रश्न थांबायचं की नाही हा नाहीच. ४६ किलो वजनाच्या बाईला पाच आठवडे तोंडाने पुरेसं जाणार नसेल तर पोटात अन्न, पाणी आणि औषध कसं पोचवायचं, हा आहे.

म्हणून नळी.

नळीबद्दल आई काय म्हणतात याच्यापेक्षा त्यांना नक्की कशाची भीती वाटते ते विचारा. गावाकडच्या पेशंटकडून मी बहुतेक वेळा एकच ऐकते: "नळी घातलेला माणूस माघारी येत नाही." त्यांनी नाकातली नळी कुणाच्या तरी अखेरच्या दिवसांतच पाहिलेली असते, सासऱ्यांच्या नाहीतर एखाद्या दिराच्या. त्यांच्या मनात नळी म्हणजे शेवट. अशा मावशींना कितीही समजावलं तरी शब्दांनी फरक पडत नाही. मी काय करते, तर शेकाच्या रांगेत नळी लावून चालत आलेला, गप्पा मारणारा एखादा पेशंट शोधते आणि दोघांना शेजारी बसवते. पाच मिनिटांत माझ्या पाऊण तासाच्या बोलण्यापेक्षा जास्त काम होतं. तुमच्याकडेही रांगेत असं कुणी ना कुणी असेलच. आईंना हेही सांगा की ही नळी आजार वाढला म्हणून नाही, उपचार पूर्ण व्हावेत म्हणून घालतात, आणि तोंडाने पुरेसं खाता यायला लागलं की काढतात.

घालताना त्रास होतो, ते लपवू नका. नाकातून जाताना डोळ्यांतून पाणी येतं, उबळ येते, पण काम काही मिनिटांचं असतं. पहिले दोन दिवस घशात काहीतरी अडकल्यासारखं टोचत राहतं, मग सवय होते. जितकं तोंड जास्त सोललं जाईल तितकं नळी घालणं जास्त दुखरं, म्हणून डॉक्टरांनी सांगितलंय तर आठवडाभर ताणू नका. बराच काळ लागणार असेल तर पोटातून थेट जठरात नळी घालण्याचाही पर्याय असतो. त्याबद्दल डॉक्टरांशी बोला.

आता नळीतून काय द्यायचं, ते जरा सविस्तर सांगते, कारण घरोघरी इथेच चुकतं. सगळेजण प्रेमाने डाळीचं पाणी, भाताची पेज, शहाळं आणि फळांचा रस देतात. दिवसभर काही ना काही जातंय म्हणून घरचे समाधानी असतात आणि वजनकाट्यावर मात्र आठवड्याला दीड किलो कमी. डाळीच्या पाण्यात डाळ नसते. पेजेत जवळपास पाणीच असतं. उपचार चालू असताना किलोमागे साधारण ३० कॅलरी आणि १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिनं लागतात. आईंच्या वजनाला म्हणजे १४०० ते १५०० कॅलरी आणि ५५ ते ७० ग्रॅम प्रथिनं.

एवढं घरच्या वस्तूंतून सहज होतं. दिवसभराचा हिशेब असा धरा: एक लिटर गायीचं दूध, ३ उकडलेली अंडी, ५० ग्रॅम पंढरपुरी डाळ्याचं पीठ, ५० ग्रॅम नाचणीचं सत्त्व, ४० ग्रॅम साखर किंवा गूळ आणि ३ छोटे चमचे शेंगदाणा तेल. याचे साधारण १५०० कॅलरी आणि ६० ग्रॅमच्या वर प्रथिनं होतात. नाचणी आणि डाळ्याचं पीठ दुधात नीट शिजवायचं, अंडी त्यातच मिक्सरला फिरवायची, बारीक गाळणीने गाळायचं आणि नळीतून सहज उतरेल इतकं पातळ करायचं. अंडी कच्ची घालू नका. अंडी चालत नसतील तर पनीर किंवा दुधाची पावडर वाढवा. तूप घालायचा मोह होतो, पण गार झालं की ते नळीत थिजतं आणि नळी बंद पडते. तेल बरं. साखरेचा आजार असेल किंवा दुधाने जुलाब होत असतील तर हे प्रमाण बदलावं लागेल. आहारतज्ज्ञांना एकदा दाखवा, बहुतेक कॅन्सर रुग्णालयांत त्या असतात आणि त्यांच्याकडे फारसं कुणी जात नाही.

एका वेळी २०० ते २५० मिली, दर दोन-अडीच तासांनी. आई बसलेल्या हव्यात, किंवा पाठीला उशा लावून वरचं अंग चांगलं उचललेलं हवं, आणि नंतरही पाऊण-एक तास आडवं व्हायचं नाही. दर वेळी आधी नळीवरची खूण बघा. घातली त्या दिवशी नाकपुडीपाशी कुठला आकडा होता तो लिहून ठेवा. नळी बाहेर सरकलेली दिसली, किंवा काही देताना खोकला आला, धाप लागली, तर लगेच थांबायचं. घरी कुणी नळी आत ढकलायची नाही, रुग्णालयात जायचं. सिरिंजचा दट्ट्या दाबून देऊ नका, दट्ट्या काढून सिरिंज वर धरा, आपोआप उतरू द्या. आधी आणि नंतर ३० ते ५० मिली साधं पिण्याचं पाणी सोडा. गोळ्या कुटून देण्याआधी औषधवाल्याला नव्हे, सिस्टरला किंवा डॉक्टरांना विचारा, कारण काही गोळ्या कुटून चालत नाहीत. आणि सकाळी केलेलं खाणं संध्याकाळपर्यंत ओट्यावर ठेवून देऊ नका, आपल्याकडच्या उन्हाळ्यात ते नासतं आणि मग जुलाब लागतात.

नळी असली तरी तोंड पूर्ण बंद करायचं नाही. झेपेल तसं चमच्याने पाणी, दुधाचा घोट दिवसातून अनेकदा गिळायला लावा. गिळणारे स्नायू पाच आठवडे बसून राहिले तर नंतर त्यांना परत कामाला लावणं फार जड जातं. पाण्याच्या घोटानेही ठसका लागत असेल तर मात्र जबरदस्ती नको, आधी डॉक्टरांना सांगा.

आता दुखण्याबद्दल. माझ्या नोकरीच्या सुरुवातीच्या काळात मी पेशंटना म्हणायची, "थोडेच दिवस राहिलेत मावशी, काढा कसेतरी." एक मावशी माझं ऐकून खरंच सोसत राहिल्या, कुणालाच काही बोलल्या नाहीत आणि एका सोमवारपासून यायच्याच बंद झाल्या. दोन आठवड्यांनी मुलगा त्यांना उचलून घेऊन आला तेव्हा उपचाराची सगळी घडी विस्कटली होती. तेव्हापासून मी "सोसा" हा शब्द वापरत नाही. तोंड आलेल्या पेशंटने न सांगता सोसलं की तो पहिल्यांदा पाणी सोडतो, मग गोळ्या सोडतो आणि शेवटी शेक सोडतो.

म्हणून उद्याच डॉक्टरांना स्पष्ट सांगा: दुखणं दहापैकी किती, रात्री झोप लागते का, थुंकी गिळता येते का. पॅरासिटामॉलने भागत नसेल तर पुढची औषधं आहेत, ट्रॅमाडॉल आहे, मॉर्फिन आहे. मॉर्फिनचं नाव ऐकलं की नातेवाईक दचकतात, "अफूची सवय लागेल" म्हणतात. दुखण्यासाठी डॉक्टरांच्या देखरेखीखाली ठरल्या मात्रेत घेतलेल्या औषधाचं व्यसन लागणं फार विरळा, आणि तोंड भरून आलं की डॉक्टर ते हळूहळू कमी करून बंद करतात. २०१४ साली कायद्यात बदल झाल्यापासून मान्यताप्राप्त रुग्णालयांना मॉर्फिन ठेवणं सोपं झालंय, तेव्हा "आमच्याकडे नाही" असं उत्तर मिळालं तर जवळ कुठे मिळतं ते विचारा. या औषधांनी बद्धकोष्ठ होतंच, म्हणून पहिल्या दिवसापासून शौचाचं औषध सोबत लागतं. त्यासाठी इसबगोल देऊ नका, पाणी कमी जाणाऱ्या पेशंटला ते उलट अडकतं, आणि नळीतूनही अडकतं.

एक गोष्ट मात्र कटाक्षाने टाळा. मेडिकलमधून परस्पर डायक्लोफिनॅक किंवा आयब्युप्रोफेनच्या गोळ्या आणू नका. सिस्प्लॅटिन किडनीवर ताण देतं, त्यात पाणी कमी जातंय, त्यात या गोळ्या पडल्या तर किडनी पटकन बिघडू शकते. क्रिॲटिनिन (रक्ताच्या तपासणीतला किडनीचा आकडा) वाढलं की केमो थांबते, कधी कधी भरतीच करावं लागतं. लघवी किती होते यावर लक्ष ठेवा. गडद पिवळी, थोडी, आठ-दहा तासांतून एकदा अशी होत असेल किंवा उभं राहिल्यावर चक्कर येत असेल तर मधल्या दिवशी सलाईन लावून मिळतं का विचारा. बहुतेक ठिकाणी डे-केअरला मिळतं. कानात शिट्टी वाजल्यासारखं होत असेल तर तेही सांगा, सिस्प्लॅटिनचा कानांवरही परिणाम होतो आणि पेशंट स्वतःहून ते कधी बोलत नाहीत.

इथेच एक गैरसमज दूर करते. केमो आणि शेक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रिपोर्ट बिघडले किंवा अशक्तपणा फार असला तर डॉक्टर एखादी केमो पुढे ढकलतात किंवा गाळतात, शेक मात्र चालू ठेवतात. "आज केमो नाही" याचा अर्थ "आज यायचं नाही" असा घेऊन घरी राहिलेले पेशंट मी दर महिन्याला पाहते. आणि मशीन बंद, सण, जोडून सुट्ट्या असे दिवस बुडले तर ते भरून काढायची पद्धत असते, कधी शनिवारी, कधी एका दिवसात सहा तासांचं अंतर ठेवून दोन शेक. हे विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

तोंडाची निगा. एक ग्लास कोमट पाणी, पाव चमचा खाण्याचा सोडा, त्याच्या निम्मं मीठ, एवढ्याने दर दोन तासांनी हळूच खळखळून थुंकायचं, रात्री जाग येईल तेव्हाही. साधं आहे, फुकट आहे, आणि तरी सर्वांत जास्त हेच होत नाही. चिकट लाळ तार धरते, तिनेच उबळ येते आणि उलटी होते. सोड्याच्या पाण्याने ती सुटते. जाहिरातीतले अल्कोहोलवाले माउथवॉश पूर्ण बंद. क्लोरहेक्झिडिनचा माउथवॉश शेकाचं तोंड टाळायला उपयोगी नाही. डॉक्टर बेंझिडामिनचं औषध गुळण्यांना देतात, ते झोंबलं तर निम्मं पाणी घालून वापरता येतं. बधिर करणारी जेली मिळाली असेल तर ती लावल्यावर लगेच काही खायला देऊ नका, गाल चावला जातो आणि ठसका लागतो. जिभेवर किंवा गालात दह्यासारखे पांढरे डाग दिसले तर ती बुरशी असू शकते. तिला वेगळं औषध लागतं, आणि ते मिळालं की दोन-तीन दिवसांत दुखणं बरंच कमी होतं. म्हणून टॉर्च घेऊन रोज एकदा तोंड बघा.

मशेरीचं लिहिलंत ते बरं केलंत, बरेच जण लपवतात. आई म्हणत असतील की ती लावल्याशिवाय पोट साफ होत नाही. त्यांना दोष देऊ नका, चाळीस वर्षांची सवय आहे. पण तंबाखू चालू राहिली तर जखम भरत नाही आणि उपचाराचा गुणही कमी येतो. पोट साफ व्हायला औषध आहे, ते मागून घ्या. घरातली डबी मात्र घराबाहेर काढा, आणि सुनेने नाही, तुम्ही स्वतः आईंशी बोलून काढा.

मानेची कातडी काळी पडेल, सोलवटेल. त्यावर हळद, तेल, पावडर, कसलाही लेप नको. कोमट पाण्याने हलकेच धुवायचं, टॉवेलने घासायचं नाही, सुती मऊ पदर ठेवायचा. मलम फक्त डॉक्टरांनी दिलेलं.

उलटीच्या गोळ्यांमध्ये ओलान्झापिन असेल तर ती बंद करू नका. हल्ली मुलं मोबाइलवर नाव शोधतात, ते मानसिक आजाराचं औषध म्हणून दिसतं आणि घाबरून बंद करतात. केमोच्या उलट्यांवर ते चांगलं काम करतं, आणि टाटा मेमोरियलच्या २०२४ साली आलेल्या अभ्यासात तर २.५ मिलिग्रॅमची छोटी मात्राही १० मिलिग्रॅमइतकीच उपयोगी ठरली, शिवाय झापड कमी. तुमच्या आईंना कोणती मात्रा, ते डॉक्टर ठरवतील.

काढे आणि पाल्यांचे रस सांगणारे नातेवाईक येतील. त्यांच्या मनात वाईट काही नसतं. पण २०२१ मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली होती. केमो चालू असताना यकृत आणि किडनीवर आणखी एक अनोळखी ओझं टाकू नका. जे काही द्यायचं मनात आहे ते डॉक्टरांना नाव घेऊन विचारा.

आतापर्यंतचं एका दमात सांगायचं तर: शेक चालू ठेवायचा, त्यासाठी नळी, नळीतून दाट खाणं, दुखण्याला पुरेसं औषध, आणि दर सोमवारी एकाच काट्यावर वजन. आईंचं जवळपास १० टक्के वजन गेलंय. आणखी घसरलं तर शेकाच्या वेळी डोकं हलू नये म्हणून लावतात तो चेहऱ्यावरचा मास्क सैल होतो, शेक नेमका बसत नाही, आणि नव्याने मास्क करून प्लॅनिंग करण्यात पुन्हा दिवस जातात.

काही गोष्टींसाठी मात्र सकाळची वाट बघायची नाही. ताप १००.४ फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त, मग तो रात्री दोनला असो. केमोनंतर पांढऱ्या पेशी कमी झालेल्या असताना तापाचं पॅरासिटामॉल देऊन झोपवलेला पेशंट सकाळपर्यंत फार गंभीर होऊ शकतो. दुखण्यासाठी पॅरासिटामॉल चालू असेल तर ती देण्याआधी थर्मामीटर लावायचा. तसंच श्वास घेताना घरघर किंवा धाप, तोंडातून न थांबणारं रक्त, काहीच पोटात न टिकणाऱ्या उलट्या, गुंगी किंवा असंबद्ध बोलणं. यातलं काही झालं तर सरळ रुग्णालय गाठा आणि दारातच सांगा, "केमो चालू आहे." असे काही झाल्यावर शेक थांबवायचा का, हे डॉक्टर ठरवतील. त्यांनी कारण बघून थांबवणं आणि आपण घरी बसणं यात फरक आहे.

तुम्ही रोज जाऊन-येऊन १४० किलोमीटर एसटीने करता असं लिहिलंय. मला वाटतं आईंना घरी जावंसं वाटतंय ते यामुळेही असेल. आलेलं तोंड घेऊन चार तास खड्ड्यांतून प्रवास करणं म्हणजे काय, याची कल्पना करा. पुढचे तीन आठवडे रुग्णालयाजवळ राहायची सोय होते का ते बघा. रुग्णालयातल्या समाजसेवा अधीक्षकांना भेटा, धर्मशाळा आणि संस्थांची माहिती त्यांच्याकडे असते. मुंबईत दादरची संत गाडगे महाराज धर्मशाळा किंवा परळची नाना पालकर स्मृती समिती अशी ठिकाणं कित्येक वर्षं हेच काम करतायत, आणि जिल्ह्याच्या ठिकाणीही कुणी ना कुणी असतं. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत नाव असेल तर आरोग्यमित्राकडून (योजनेचं काम बघणारा रुग्णालयातला माणूस) कोणता खर्च योजनेत बसतो ते लिहून घ्या. रेल्वेने प्रवास होत असेल तर कॅन्सरच्या पेशंटला आणि सोबतच्या एका माणसाला तिकिटात मोठी सवलत असते, त्याचा फॉर्म रुग्णालयातून भरून मिळतो.

शेवटचा शेक झाल्यावर सगळे पेढे वाटतात आणि घरी जातात. तिथून पुढचे दोन आठवडे सर्वांत वाईट असतात आणि नेमकं तेव्हाच रोज बघणारं कुणी नसतं. म्हणून त्या दिवशी निघताना आठवड्याच्या आतली तारीख घेतल्याशिवाय उठू नका आणि विभागाचा फोन नंबर लिहून घ्या. मग हळूहळू जखमा भरतील. चव यायला काही आठवडे ते काही महिने लागतात. तोंडाचा कोरडेपणा बराच काळ राहतो, काहींना कायमचा थोडा राहतो. जबडा आखडू नये म्हणून तोंड उघडण्याचे व्यायाम शिकून घ्या. आइस्क्रीमच्या लाकडी काड्या एकावर एक रचून दातांमध्ये धरायला लावतात, आठवड्याला एखादी काडी वाढते. दात मात्र पुढे कधीही, अगदी दहा वर्षांनीसुद्धा, शेक घेतल्याचं दातांच्या डॉक्टरांना सांगितल्याशिवाय उपटून घ्यायचा नाही. शेक लागलेलं जबड्याचं हाड मग कधी कधी भरतच नाही.

मामांना दुखवू नका. बहिणीचे हाल बघवत नाहीत म्हणून ते बोलतायत. त्यांना कामात घ्या: सोमवारचं वजन करून वहीत लिहिणं आणि दर दोन तासांनी गुळण्यांना सोड्याचं पाणी देणं ही दोन कामं त्यांच्यावर सोपवा. नळी घातलीत तर आठवड्याभराने आईंचं वजन इथे नक्की लिहा, मी बघेन.